मरुभूमीतील पाठवणी

दुबई हे नाव महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांस आता नवे राहिलेले नाही. कोणाचा भाचा तेथे अभियंता आहे, कोणाची कन्या एखाद्या पेढीत हिशेबनीस. तेथील गगनचुंबी इमारतींची व सोन्याच्या बाजाराची वर्णने श्रोत्यांच्या कानी पुष्कळदा पडली असतील. त्याच शहरात ऐन उन्हाळ्यात रस्त्यावर येणाऱ्या कुत्र्यामांजरांची हकीगत मात्र सहसा कोणी सांगत नाही.

तेथील बहुसंख्य रहिवासी परदेशीय असून त्यांचा वास नोकरीच्या परवान्याशी बांधलेला असतो. नोकरी सुटली की ठराविक मुदतीत दुसरी शोधावी, नाही तर गाशा गुंडाळावा. अशा घरात मुलांच्या हट्टाखातर एखादे पिल्लू येते, वाढते, दाराशी वाट पाहू लागते. आणि एके दिवशी यजमानांची नोकरी जाते. कुत्र्यास स्वदेशी न्यावयाचे तर रोगप्रतिबंधक टोचणी, कातडीखाली बसविलेली ओळखीची चकती, ना-हरकत पत्र, मापाचा पिंजरा आणि भाडे, इतकी जुळवाजुळव करावी लागते. त्यातून उन्हाळ्यात जनावरे नेण्यास अनेक विमान कंपन्या तयार नसतात. आखूड नाकाच्या जातींना तर पुष्कळ ठिकाणी साफ नकार मिळतो. शाळांना मोठी सुटी लागते तीही याच दिवसांत. बिऱ्हाडे हलतात, आणि काही कुत्री मागे राहतात.

मागे राहणे म्हणजे काय, हे त्या हवेत राहिल्यावाचून उमगणे कठीण. जुलै-ऑगस्टात तेथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. डांबराचा रस्ता त्याहून कितीतरी अधिक तापतो व पावलांच्या गाद्या पोळतात. कुत्र्यास माणसासारखा सर्वांगाने घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवरचा ओलावा उडवून ते आपले अंग निववते. परंतु आखाताच्या काठची हवा दमट असली म्हणजे तो ओलावाही उडेनासा होतो. अंगातील उष्णता ४१ अंशांच्या पुढे गेली की प्राणावर बेतते. रस्त्यावरची जन्मजात कुत्री सावली हेरून ठेवतात. गालिच्यावर वाढलेल्यास ती विद्या कोठली?

अशांना उचलणारी माणसे त्या शहरात आहेत. कुत्र्यांसाठी ‘के-नाइन फ्रेंड्स’ आणि मांजरांसाठी ‘फीलाइन फ्रेंड्स’ या संस्था कित्येक वर्षे स्वयंसेवकांच्या बळावर चालल्या आहेत. यांखेरीज शेजारीपाजारी मिळून काम करणारे लहान गटही आहेत. सरकारी नियम त्यांना पाळावे लागतात. प्राण्यांच्या कल्याणाचा २००७ सालचा कायदा आहे. कुत्र्यास परवाना व बाहेर नेताना साखळी २०१६ सालच्या कायद्याने आवश्यक केली. दुबईत २०१५ च्या हुकुमान्वये परवानगीवाचून वर्गणी गोळा करता येत नाही. तेव्हा औषधोपचाराचे बिल पशुवैद्याच्या दवाखान्यात परस्पर भरा, अशीच विनंती दात्यांस करणे सोयीचे पडते.

तहानेल्या कुत्र्यास विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्याच्या पापांची क्षमा झाली, ही कथा इस्लामी परंपरेत प्रसिद्ध आहे. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपल्या घरोघरी ठाऊक आहेत. कथा ऐकून डोळे ओले होणे सोपे. पण रोज पहाटे, ऊन चढण्यापूर्वी, परक्याचे कुत्रे फिरवून आणणे निराळे.

निवाऱ्यात जागा थोडी. म्हणून कायमचे घर मिळेपर्यंत काही कुटुंबे एकेक जनावर आपल्याकडे ठेवून घेतात. या घरांस माहेर म्हणणेच शोभेल. भेदरलेले कुत्रे पहिले काही दिवस पलंगाखालून बाहेर येत नाही, पंख्याच्या आवाजाने दचकते. मग हळूहळू हातावरचे खाऊ लागते. आठवडे, कधी महिने जातात. ते पुरते माणसाळले, की मगच दुसऱ्याला देण्याजोगे होते, आणि नेमके तेव्हाच देणे जड जाते. ठेवून घ्यावे असे कोणास वाटणार नाही? ठेवून घेणाऱ्यास दोष देणेही योग्य नव्हे. परंतु हिशेब निष्ठुर आहे: घरात कायमचे कुत्रे राहिले, तर उन्हात उभ्या असलेल्या पुढच्याला ते दार बंद झालेच. म्हणून डोळे पुसून पाठवणी करावयाची.

नव्या घराची चौकशी, तीही जावई पाहावा तशी होते. घरमालकाची संमती आहे काय? पहाटे फिरवणार कोण? दिवसभर घर मोकळे असते काय? आणि अखेर, देश सोडावा लागल्यास याचे काय करणार? येथवर भराभर उत्तरे देणारी माणसे या प्रश्नापाशी घुटमळतात. जी “तेव्हाचे तेव्हा पाहू” म्हणतात, त्यांना कुत्रे मिळत नाही.

हा प्रश्न विचारणारी बाई स्वतः बहुधा परवान्यावरच राहत असते. तिच्याही यजमानांची नोकरी जाऊ शकते. म्हणून तिच्याकडे असलेल्या कुत्र्याची टोचण्यांची पुस्तिका ती आपल्या पारपत्राजवळच ठेवते आणि पुढे कोणते घर त्यास घेईल, ते आधीच बोलून ठरविते.