विजेची खरखर ऐकणारी यंत्रं

जुना रेडिओ चालू असताना आभाळात वीज चमकली की रेडिओ खर्रकन वाजतो, हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. ती खरखर म्हणजे विजेतून निघालेल्या लहरी. त्याच लहरी ऐकणारी यंत्रं पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनं २०१४ साली महाराष्ट्रात २० ठिकाणी बसवली. पुढे देशभर ती ८३ झाली. एकाच विजेची लहर एका यंत्राला आधी पोचते, दुसऱ्याला क्षणभर उशिरा. त्या फरकावरून वीज कुठे चमकली ते कळतं.

आपल्या भोकरकडे टेकड्यांआडून ढग येतो आणि दिसेपर्यंत डोक्यावर असतो. रडारचा झोतही डोंगराला अडतो. या लहरी मात्र डोंगर ओलांडून जातात, म्हणून आपल्याला त्यांचा जास्त उपयोग.

ही माहिती ‘दामिनी’ या फुकट ॲपवर येते. आपल्याभोवती २० आणि ४० किलोमीटरची वर्तुळं दिसतात. गेल्या पाच मिनिटांतली वीज लाल, त्याआधीच्या पाच मिनिटांतली पिवळी, त्याच्याही आधीची निळी. निळ्या खुणा लांब, पिवळ्या जवळ आणि लाल अगदी जवळ दिसल्या, तर ढग आपल्याच दिशेनं निघालाय. लोकेशन चालू ठेवा.

रानात रेंज नसली तर चमक दिसताच आकडे मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तिसाच्या आत गडगडाट आला की खुरपं खाली ठेवायचं आणि पक्क्या घरात जायचं. झाडाखाली नाही, पत्र्याच्या उघड्या शेडातही नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. वाटेतच अडकलात तर एकमेकींपासून लांब व्हा, पाय जुळवून उकिडवं बसा, आडवं पडू नका.

आता खरी अडचण. फोन बहुतेक घरात कारभाऱ्याच्या खिशात, आणि सरकी लावायला, खुरपायला रानात आपण! शिवाय काम सोडलं की अर्धा रोज बुडतो, म्हणून बाया ढगाकडे बघत बघत ओळ पुरी करतात. आम्हाला वाटतं, हे एकटीनं सुटणारं नाही. टोळीमागे एक फोन रानात हवाच. तो चार्ज करून आणायची पाळी गटानं लावावी. थांबलेल्या वेळाचा रोज कापायचा नाही, हे मालकाशी सगळ्यांनी मिळून सकाळीच बोलून घ्यावं. पुढच्या बैठकीत हा विषय पहिला घ्या, आणि काय ठरलं ते आम्हाला कळवा.