बालपणीचे दप्तर



मराठीतला 'दप्तर' हा शब्द मोठा मासलेवाईक आहे. पोर शाळेला निघाले की त्याच्या पाठीवर असते ते दप्तर, आणि पुण्यात पेशव्यांचे कागद बंदोबस्ताने ठेवले आहेत तेही दप्तरच. शब्द एक, पण दोघांची नशिबे किती निराळी! पेशव्यांच्या दप्तराला कपाटे आहेत, राखणदार आहेत. पोराच्या दप्तरातला कागद मात्र वार्षिक परीक्षा संपली की रद्दीवाल्याच्या तराजूत पडतो. या दुसऱ्या दप्तराची कैफियत आज मला आपल्यापुढे मांडावयाची आहे. मी इतिहाससंशोधक नव्हे. माझे शिक्षण शाळेपेक्षा यंत्रमागाच्या खात्यात आणि युनियनच्या कचेरीत अधिक झाले. परंतु कागदाची किंमत कामगाराला जितकी मोजावी लागते, तितकी फार थोड्यांना मोजावी लागत असेल.

प्रथम साताऱ्याचे उदाहरण घेऊ. 7 नोव्हेंबर 1900 रोजी तेथील सरकारी हायस्कुलात नऊ वर्षांचा एक मुलगा इंग्रजी पहिलीत दाखल झाला. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. तिच्या रजिस्टरात 1914 या क्रमांकापुढे भिवा रामजी आंबेडकर ही नोंद आहे आणि त्या लहानग्याची सहीही आहे. शाळेने ते रजिस्टर जपले. 2017 साली महाराष्ट्र सरकारने 7 नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळण्याचे ठरविले, ते या प्रवेशाच्या स्मरणार्थ.

आता माझा प्रश्न असा, की 1900 साली ती नोंद करणाऱ्या कारकुनाला हा मुलगा पुढे घटनेचा शिल्पकार होणार हे ठाऊक होते काय? मुळीच नव्हते. त्याने भिवाचे नाव लिहिले, कारण दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव लिहिण्याचा दंडक होता. सर्वांची नावे राहिली म्हणून त्यांत बाबासाहेबांचे नाव राहिले. माणूस मोठा झाल्यावर त्याचे बालपणीचे कागद जपू म्हणणे म्हणजे पीक हाती आल्यावर बियाणे निवडायला बसणे होय. जपायचे तर आधी, आणि कोण मोठा होईल हे न विचारता जपले पाहिजे.

पण रजिस्टर सगळेच सांगते असे नाही. साताऱ्याच्या शाळेत आपल्याला कोपऱ्यात वेगळे बसावे लागे, बसण्याचे गोणपाट रोज घरून न्यावे-आणावे लागे आणि शिपाई नळ सोडील तेव्हाच पाणी मिळे, हे बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले. त्यातला गोणपाटाचा एक धागाही त्या रजिस्टरात नाही. कचेरीचा कागद कचेरीला हवे तेवढेच सांगतो. मुलाने काय पाहिले आणि काय सोसले, ते त्याने स्वतः लिहिलेल्या कागदातच सापडावयाचे.

असा एक कागद आपल्या सुदैवाने वाचला आहे. फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत मुक्ता साळवे नावाची, मांग समाजातली, चौदा वर्षांच्या सुमाराची मुलगी शिकत होती. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि 1855 साली तो 'ज्ञानोदय' पत्राने छापला. छापला म्हणूनच तो आज आपल्या हाती आहे. विद्यार्थिनीचा निबंध, पण त्या काळच्या समाजावरचा तो आरोपपत्रासारखा दस्तऐवज ठरला. त्याच बाकावर तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलींनी काय लिहिले असेल? त्यांच्या पाट्या पुसल्या गेल्या. इतिहासाचीही तेवढी पाटी कोरीच राहिली.

कोणी म्हणेल, या थोरांच्या गोष्टी झाल्या. भिवंडीच्या कामगाराला त्यांचे काय? त्याला तर सगळ्यांहून अधिक! मालकाच्या कागदावर वय चार-पाच वर्षे जास्त पडलेला कामगार आमच्या कचेरीत येतो, तेव्हा त्याच्या बाजूने साक्ष द्यायला वकिलाच्या आधी शाळेचे जनरल रजिस्टर उभे राहते. पेन्शन असो, जातीचा दाखला असो, आजोबांच्या शाळेतल्या एका ओळीवर नातवाचे शिक्षण अडते किंवा सुटते. आणि या गावाने तर 1970 व 1984 च्या दंगली सोसल्या, 2005 चा पूर पाहिला. घर पुन्हा उभे राहते, भांडीकुंडी पुन्हा जमतात. जळलेली वही पुन्हा लिहिता येत नाही.

गोदामांचे गाव म्हणून आज भिवंडीची ख्याती आहे. देशोदेशींचा माल आपण सांभाळतो. मग आपल्याच लेकरांच्या वह्यांना एक फळी मिळू नये काय? प्रत्येक ग्रंथालयाने एक कपाट द्यावे, एवढेच मागणे आहे. सगळे कागद मावणार नाहीत, हे मान्य. मग दरसाल प्रत्येक वर्गातून चार-दोन मुलांच्या वह्या निवडा. पण चिठ्ठ्या टाकून निवडा, गुणांवरून नव्हे. पहिला नंबर तेवढा ठेवाल तर इतिहासात नापास झालेला कोणी उरणारच नाही. मराठी, उर्दू, तेलुगू, जी लिपी मुलाची तीच फळीवर चढू द्या.

जपण्याची रीत कठीण नाही. टाचण्या काढा, त्या गंजतात. चिकटपट्टी लावू नका, तिचा डाग कागदात मुरतो. प्लॅस्टिकात तापवून बंद करू नका, ते पुन्हा सोडवता येत नाही. ओल, वाळवी आणि कसर यांपासून दूर ठेवा. मोबाईलवर छायाचित्र जरूर घ्या, पण त्या भरवशावर मूळ कागद टाकू नका. पाकिटावर नाव, शाळा, इयत्ता आणि साल लिहा. नावाशिवाय कागद अनाथ होतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्याचा कागद त्याची संमती घ्या. मूल असेल तर आईबापांना विचाराच, पण ते मोठे झाल्यावर त्यालाही विचारा. नको म्हणाले तर मुकाट्याने परत करा. चळवळीचा माणूस म्हणून सांगतो, दुसऱ्याची वस्तू त्याला न विचारता ठेवून घेणे म्हणजे जपणूक नव्हे, जप्ती होय.

मित्रहो, राजाने सही केली की ती तहनाम्यात राहते, मालकाने केली की करारात राहते. आमच्या माणसाची पहिली सही बहुधा शाळेतच होते, आणि पुष्कळांची तर तीच शेवटची मनासारखी सही ठरते. त्यानंतरच्या सह्या पगाराच्या पावतीवर. तेव्हा ती पहिली तरी राहू द्या. भिवंडीचा इतिहास उद्या कोणी लिहायला बसला, तर त्याला भावाच्या, भाड्याच्या आणि मालाच्या नोंदी हव्या तितक्या मिळतील. त्यांच्या शेजारी या गावातल्या पोरांचे अक्षरही मिळाले पाहिजे. ते ठेवणे आपल्याच हाती आहे, आणि या वर्षीच्या परीक्षा नुकत्याच संपल्या आहेत.