अडेल नट
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी काही बोलणारी बाई नव्हे. दरवर्षी मी मागे सरबताच्या पातेल्यापाशी असते. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "गाडीचे सांग, बायका ऐकतील." म्हणून उभी आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

आमची पद्मिनी तुम्ही सर्वांनी पाहिलीच आहे. तिला धक्काही तुमच्यापैकी कित्येकींनी मारला आहे. मामंजींनी घेतलेली, १९९७ सालची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ह्या गाड्या होत. तो कारखाना वालचंद हिराचंदांच्या कंपनीचा. पद्मिनी निघणे बंद होऊन वीस वर्षे उलटून गेली, आणि मुंबईच्या रस्त्यावरची काळी-पिवळी पद्मिनीसुद्धा २०२३च्या ऑक्टोबरात गेली. आमची राहिली, कारण मामंजींना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते. परत येताना त्यांच्या अंगात त्राण नसते. आपला शीळफाट्याचा रस्ता आणि रिक्षाचे हादरे तुम्हाला ठाऊकच आहेत.

श्रावणात गाडी तापू लागली. ऑइलची काडी काढून पाहिली तर तेल ताकासारखे पांढरे! हेडचे गास्केट गेले आणि पाणी तेलात शिरले. एका गॅरेजवाल्याने खर्चाचा आकडा सांगितला आणि वर म्हणाला, "भंगारात घाला." हे तिथून उठूनच आले. म्हणाले, मी घरीच हेड उतरवतो. एके काळी ट्रकवर होते, हत्यारे घरात होती.

हेडच्या आधी सायलेन्सरकडच्या मॅनिफोल्डचे नट काढावे लागतात. दोन सुटले. तिसऱ्याला ह्यांनी पान्यावर लोखंडी पाइप चढवून जोर लावला आणि स्टड तुटला. चौथ्याला तोंडाचा पाना लावला, तो घसरला; नटाचे कोपरे गोल झाले, ह्यांची बोटे सोलली. रक्त पाहून मी हळद आणली, तर म्हणाले, "मला नको, इंजिनाला लाव." आणि दोन दिवस गाडीकडे फिरकले नाहीत. मंगळवारी मामंजींना रिक्षाने नेले. येताना ते एक शब्द बोलले नाहीत, नुसता दांडा धरून बसले होते. ते मला पाहवले नाही.

लोणच्याच्या बरणीचे झाकण अडले तर आपण काय करतो? गरम पाण्याखाली धरतो, कडेने ठोकतो, थोडे थांबतो. नटाला हे का चालू नये? आमच्या शेजारी कुर्ल्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांना विचारले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "वहिनी, निम्मे तुम्हाला आलेच."

त्यांनी समजावले ते असे. लोखंड गंजले की फुगते. गंजाला मूळ लोखंडाहून जास्त जागा लागते. तो गंज आट्यांत बसतो आणि नट जखडतो. सायलेन्सरकडचे नट रोज तापतात, रोज निवतात, पावसात भिजतात, म्हणून तेच सर्वांत अडेल. तिथे ताकद लावली की नट हलत नाही, स्टड मोडतो.

मग आम्ही काय केले ते सांगते. बॅटरीची तार काढली. तारेच्या ब्रशाने आटे घासले. आत झिरपणारे तेल बाजारात मिळते, ते संध्याकाळी लावले, हातोडीने नटावर हलके ठोकले, रात्री झोपताना पुन्हा लावले. सकाळी सहा कोनी गोटी पाना बरोबर बसवला. बारा कोनी नको, तो कोपरे खातो. आणि नट सोडवायच्या आधी किंचित आवळला! ह्यांना ते पटेना. पण 'कट्' असा आवाज आला, गंज तुटला, आणि मग डावीकडे पाव फेरा, पुन्हा उजवीकडे थोडा, असे करत नट हातात आला. पाना नेहमी आपल्याकडे ओढायचा, पुढे ढकलायचा नाही; निसटला तर बोटे इंजिनावर आपटत नाहीत.

दोन नट तरीही हलेनात. तेव्हा पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटर आधीच उतरवून दूर नेले, तेल पुसून काढले, वाळूची बादली जवळ ठेवली आणि काकांनी छोट्या गॅसच्या ज्योतीने नट तापवला. ज्योत बाजूला केल्यावर मी वीज जाते तेव्हाची मेणबत्ती त्याला टेकवली. मेण आपोआप आट्यांत ओढले गेले. ह्यांनी पाना लावला नि नट लोण्यासारखा फिरला. गोल झालेल्या नटावर थोडी लहान गोटी ठोकून बसवली, तोही आला.

हेडचे नट मात्र इंजिन पूर्ण थंड असताना, बाहेरच्या कडेपासून मध्याकडे, अर्धा अर्धा फेरा सोडवले. एकदम एक सोडला तर हेड वाकते, आणि ह्या गाडीचे दुसरे हेड भंगारातूनच शोधावे लागले असते. तुटलेल्या स्टडसाठी हेड फाट्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे नेले. त्याने बुडख्यावर नट ठेवून वेल्ड केला, निवू दिला आणि पान्याने अख्खा स्टड बाहेर काढला. स्टडच्या भोकात दाताच्या कोरणीने साफसफाई मी केली.

ह्या सगळ्यात गल्लीतून जाणारे एक गृहस्थ मला म्हणाले, "बाई, स्वयंपाक करा." मी म्हटले, भात शिजतो आहे, शिट्टी झाली की जाते.

आता मॅनिफोल्डला पितळेचे नट आहेत. पितळ लोखंडासारखे गंजत नाही, म्हणून पुढच्या वेळी सुटतील. गेल्या मंगळवारी मामंजी पुढच्या सीटवर बसून इस्पितळातून आले. पुलाजवळ म्हणाले, "सूनबाई, जरा हळू चालवायला सांग त्याला, मला झोप येते आहे."