किनाऱ्याचे देणे

आमच्या लामत्यात शेतकरी दर पावसाळ्यापूर्वी घर शाकारतो. त्यासाठी तो जमीन विकीत नाही. वर्षाच्या मिळकतीतून चार पैसे राखून ठेवतो. मुंबईत मात्र निराळे घडले. १९२०च्या सुमारास सरकारने कर्ज काढून बॅकबेचा समुद्र बुजविण्यास घेतला. भरावाची जमीन विकून खर्च भागेल, असा हिशेब होता. तो चुकला, वीर नरिमन यांनी गैरकारभार चव्हाट्यावर आणला आणि योजना अर्ध्यावर राहिली. जमीन एकदाच विकता येते, लाटा मात्र रोज येतात. मरीन ड्राइव्हच्या भिंतीपुढे पुढे टेट्रापॉड रचावे लागले, ते यामुळेच. म्हणून डागडुजीसाठी प्रतिवर्षी निश्चित तरतूद हवी. समुद्रदर्शनाने ज्यांच्या घरांना भाव येतो, त्यांनी त्यात अधिक वाटा उचलावा. कठड्यावर क्षणभर विसावणाऱ्या श्रमिकाकडून मोल मागू नये.