बोल्ट तुटत नाही, पत्रा फाटतो: पिकअपमधली टूल पेटी

आजचा विषय दिसायला छोटा आहे, पण रोज रस्त्यावर दिसतो: पिकअपच्या हौद्यातली जड टूल पेटी.

मी जालन्यात फॅब्रिकेशनचं काम करतो. सळईचं गाव आपलं, लोखंडाची कमी नाही. माझ्याकडे पेट्या बनवून घ्यायला येतात ती बहुतेक मोटार काढणारी पोरं. अंबड, घनसावंगीकडे मोसंबीच्या बागा, प्रत्येक बागेला बोअर. भर उन्हाळ्यात मोटार जळाली की शेतकरी पहिला फोन ह्या पोरांना करतो. मग चेन कप्पी, पाईप पाने, केबल, वेल्डिंग मशीन, सगळं पेटीत भरून गाडी शेतरस्त्याला लागते. ही पेटी म्हणजे त्यांचं पोट आहे.

सगळे विचारतात, "दादा, पेटी मजबूत होईल ना?" पेटी मजबूतच होते हो. प्रश्न पेटीचा नाही, ती कशावर बसली त्याचा आहे.

आधी वजनाचा हिशेब करू. १ चौरस मीटर, १ एमएम जाडीचा लोखंडी पत्रा जवळपास ८ किलो भरतो. ५ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच पेटी २ एमएम पत्र्यात केली, तर नुसती रिकामी पेटी ७० किलोची. त्यात सामान भरा, २०० किलो कुठं गेले कळत पण नाही. दोन-तीन माणसं कायमची हौद्यात बसवली असं समजा.

आता हौद्याकडे बघा. वरून जो पत्रा दिसतो, तो पसरलेलं वजन घ्यायला असतो. कांद्याच्या गोण्या टाकल्या, वजन सगळीकडे वाटलं जातं, काही होत नाही. पण पेटीला चार पाय लावले, की २०० किलो चार तळव्यांएवढ्या जागेवर आले. पत्र्याखाली आडवे चॅनल असतात, गॅरेजवाले त्यांना क्रॉस मेंबर म्हणतात. खरं वजन तेच उचलतात आणि चासीला देतात. पाय दोन चॅनलच्या मधे आला तर खाली नुसता पत्रा. मग प्रत्येक खड्ड्याला पत्रा खाली-वर होतो, आणि वायर वाकवून वाकवून तोडतो ना आपण, तसाच तो एक दिवस चिरतो.

म्हणून पाय नको, पेटीखाली दोन लांब चॅनल द्या, गाडीच्या लांबीच्या दिशेनं. प्रत्येक चॅनल खालच्या निदान दोन क्रॉस मेंबरवर टेकला पाहिजे, तीनवर टेकला तर उत्तमच. मधे रबर टाकायचं असेल तर पातळ पट्टी टाका. जाड रबर दबत जातं आणि बोल्ट सैल होतात.

वजन पेलणं हे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे पेटी धरून ठेवणं, आणि तिथंच लोक फसतात. म्हणतात, "एवढी जड पेटी, ती कुठं हलते?" अमेरिकेत मालवाहतुकीचा नियम आहे: बांधलेला माल पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट आणि बाजूला ०.५ पट जोर आला तरी सुटता कामा नये. आपल्या २०० किलोच्या पेटीला लावा. करकचून ब्रेक मारला, तर १६० किलोचा जोर केबिनकडे. वळणावर १०० किलोचा जोर बाजूला. तेल सांडलेल्या पत्र्यावर लोखंड कशाला थांबतंय? आणि मंडळी, केबिनच्या त्या पत्र्याला पाठ लावून तुम्ही बसलेले असता. हे विसरू नका.

दोरीच्या भरवशावर राहू नका, बोल्टच मारा. १२ एमएमचा, डोक्यावर ८.८ लिहिलेला बोल्ट सरळ ओढला तर काही टन सहन करतो. तो तुटत नाही, त्याच्याभोवतीचा पत्रा फाटतो आणि बोल्ट वायसरसकट वर निघून येतो. साधा वायसर २४ एमएमचा, त्यानं धरलेली जागा नाण्याएवढी. त्याऐवजी हौद्याखालून १०० बाय १०० एमएमची, ५ एमएम जाड प्लेट लावा. पत्र्यावरची पकड साधारण ३० पट जागेवर पसरते. प्लेट क्रॉस मेंबरला अडकेल अशी बसवता आली तर अजून बरं. नट नायलॉकचा घ्या, आणि पहिल्या १०० किलोमीटरनंतर पाना लावून परत तपासा.

भोक पाडायच्या आधी गाडीखाली झोपून बघा. डिझेल टाकी, ब्रेकचा पाईप, वायरिंग कुठं आहे ते पाहूनच ड्रिल हातात घ्या. चासीला भोक नको, वेल्डिंग तर नकोच. गाडीवर दुसरीकडे कुठं वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीची वायर काढा. भोकाच्या कडेला रेड ऑक्साइड लावा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो.

पेटी कुठं ठेवायची? केबिनला लागून, आडवी. बऱ्याच जणांना ती फाळक्याजवळ हवी असते, सामान पटकन निघतं म्हणून. पण मागच्या एक्सलच्या मागं अर्धा मीटर २०० किलो ठेवले आणि दोन एक्सलमधलं अंतर ३ मीटर धरलं, तर पुढच्या चाकांवरचं ३३ किलो वजन उचललं जातं आणि मागं २३३ किलो पडतं. त्यावर परत शेतकऱ्याची मोटार आणि पाईप चढले, की स्टेअरिंग हलकं लागायला लागतं. पेटी लांबीला एकाच बाजूला ठेवली तर त्या बाजूचे पाटे आधी बसतात. आणि जड सामान पेटीच्या तळाला, हलकं वर.

एक कायद्याचं. पेटीचं वजन पण लोडमध्येच मोजतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. तेव्हा आरसीवरचा आकडा बघून त्यातून पेटीचे २०० किलो आधीच वजा करा. हौद्याच्या मूळ रचनेत बदल करणार असाल तर आरटीओत विचारूनच करा.

घरचं काम म्हणून एवढं करा. आज संध्याकाळी गाडी सपाट जागेवर लावा, किल्ली काढा, हँडब्रेक ओढा आणि मोबाईलचा टॉर्च हौद्याखाली मारा. प्रत्येक बोल्टखाली काय आहे ते बघा: प्लेट आहे का नुसता वायसर? पत्र्याला बारीक चीर, गंजाची रेघ दिसते का? मग वर येऊन पेटीला दोन्ही हातांनी जोर लावा. जरा जरी हलली, तर उद्याच्या पहिल्या गिऱ्हाईकाच्या आधी गॅरेज गाठा.

काय दिसलं ते कळवा, फोटो पाठवा. भेटू पुढच्या भागात. गाडी जपून चालवा!