गॅस बंद, पाइप जमिनीतच: पुढं जबाबदार कोण?

गॅसची पाइपलाइन येते तेव्हा गावात काय बोललं जातं ते तुम्हाला माहीत आहे. मोबदला किती, पीक गेलं त्याचं काय, खड्डा कधी बुजवणार. आज मी त्याच पाइपलाइनच्या दुसऱ्या टोकाबद्दल बोलणार आहे, म्हणजे तिच्या शेवटाबद्दल. पंचवीस-तीस वर्षांनी ती बंद झाली, की जमिनीतल्या पाइपचं काय करायचं? काढायचा की तिथंच ठेवायचा, हे कोण ठरवणार? आणि ठेवला, तर त्याचा धनी कोण?

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, वकील नाही. पण आमच्याकडं जुना सर्व्हर बंद करायचा असला तर आधी एक यादी करतात. त्याच्यावर अजून कोण अवलंबून आहे? सगळ्या जोडण्या तोडल्या का? नोंद कुठं ठेवली? शेवटची सही कुणाची? ही यादी नसेल तर बंद समजलेला सर्व्हर कुठंतरी चालूच राहतो आणि नको त्या दिवशी गोंधळ घालतो. तीच यादी हातात धरून मी पाइपलाइनचा कायदा वाचला. त्यातलं जे कळलं ते सांगतो.

आधी आपल्या जिल्ह्याचं. घरगुती गॅस आणि सीएनजीच्या वाटपासाठी देशाचे भाग पाडलेत, त्यांना भौगोलिक क्षेत्र म्हणतात. ते ठरवतं पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ, २००६ च्या कायद्यानं झालेलं. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आपला आताचा धाराशिव, हे दोन जिल्हे मिळून एक क्षेत्र आहे. त्याचा परवाना मिळाला युनिसन एन्व्हायरो या कंपनीला, आणि २०२४ मध्ये ती कंपनी महानगर गॅसनं विकत घेतली. यात वावगं काही नाही, धंद्यात असं होतंच. पण एक हिशोब करा. अशा परवान्यात जाळं उभारण्याचा एकाधिकार असतो २५ वर्षांचा. आणि पहिल्या काही वर्षांतच मालकी बदलली. मग २५ वर्षं झाल्यावर जो पाइप उरेल, त्याची जबाबदारी घ्यायला समोर नेमकं कोण असेल?

आता पाइप ‘बंद करणं’ म्हणजे काय ते बघू. नुसता व्हॉल्व्ह फिरवला म्हणजे झालं असं नसतं. गॅस पाइपलाइनसाठी जगभर वापरतात ते अमेरिकन मानक, बी-३१.८, तीन गोष्टी सांगतं. एक, गॅस जिथून जिथून येऊ शकतो तिथून पाइप प्रत्यक्ष तोडून वेगळा करा. दोन, आत राहिलेला गॅस बाहेर काढा. तीन, तोंडं पक्की बंद करा. ऐकायला सोपं आहे, पण पहिली पायरी चुकली तर काय होतं ते अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यानं पाहिलंय.

१७ एप्रिल २०१७. फायरस्टोन नावाच्या गावात एका घरात स्फोट झाला आणि दोन माणसं गेली. चौकशीत कळलं की घराजवळच्या गॅसविहिरीची एक जुनी, बारीक नळी वापरातून गेलेली समजली जात होती. तिचं एक टोक घराजवळ तुटलेलं होतं, पण दुसरं टोक विहिरीला अजून जोडलेलंच होतं. विहीर पुन्हा सुरू झाली आणि गॅस जमिनीतून झिरपत तळघरात गेला. आपल्या सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो. विहिरीतून थेट आलेल्या त्या गॅसला वासच नव्हता, त्यामुळं घरात कुणाला कळायचं काही कारण नव्हतं. त्यानंतर राज्यानं घरांपासून १००० फुटांच्या आतल्या सगळ्या नळ्या तपासायला लावल्या आणि पुढच्या वर्षी नियम कडक केले. ती विहिरीची नळी होती, आपल्याकडच्यासारखी शहरी गॅसची लाइन नव्हती, हा फरक आहे. पण चूक कुठल्याही पाइपच्या बाबतीत होऊ शकते अशीच आहे: कागदावर बंद, जमिनीत जोडलेला.

गॅस पूर्ण काढला तरी प्रश्न संपत नाही. पोलादी पाइप गंजू नये म्हणून त्यावर लेप असतो, शिवाय बाहेरून थोडा वीजप्रवाह देऊन गंज रोखतात. लाइन सोडून दिली की तो प्रवाहही बंद होतो. मग पाइप हळूहळू गंजतो. मोठ्या व्यासाचा असेल तर कधीतरी वरची जमीन खचू शकते. उताराच्या रानात पोकळ पाइप पाण्याला आयती वाट करून देतो, या शेतातलं पाणी त्या शेतात. आपल्याकडं पाण्याच्या थेंबाची किंमत सांगायला नको. गल्लीबोळातल्या प्लॅस्टिकच्या नळ्या गंजत नाहीत, पण म्हणूनच त्या पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहतात, आणि उद्या जेसीबीवाल्याला नळी सापडली की ती चालू आहे की मेलेली, हे त्याला कळत नाही.

आता कायदा. शेतातून जाणारी मोठी लाइन साधारणपणे १९६२ च्या कायद्याखाली जाते, पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइन कायदा. यात जमीन तुमचीच राहते, सरकार किंवा कंपनी घेते तो फक्त वापराचा हक्क. अधिसूचना निघाल्यावर हरकत घ्यायला २१ दिवस. पाइप किमान एक मीटर खोल. आणि त्या पट्ट्यात तुम्हाला तीन गोष्टींना बंदी: बांधकाम करायचं नाही, विहीर-तळं खोदायचं नाही, झाड लावायचं नाही. नुकसानभरपाई वेगळी, आणि वापराच्या हक्कापोटी जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के, एकदाच.

आता हाच कायदा शेवटाबद्दल काय म्हणतो? कलम ७ आणि ८ मध्ये एक शब्द आहे: पाइप ‘काढणे’. देखभाल, तपासणी, दुरुस्ती, बदल आणि काढणे, यासाठी कंपनीचा माणूस वाजवी पूर्वसूचना देऊन शेतात येऊ शकतो. म्हणजे पाइप काढायचा हक्क कंपनीला आहे. काढलाच पाहिजे असं बंधन मात्र हा कायदा घालत नाही. लाइन बंद झाल्यावर वापराचा हक्क आपोआप संपतो, असंही त्यात कुठं लिहिलेलं नाही.

याचा अर्थ साध्या भाषेत सांगतो. समजा एखाद्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात पाइपलाइनची नोंद आहे. लाइन बंद पडली. गॅस नाही, कंपनीचा माणूस फिरकत नाही. पण नोंद तशीच. विहीर खोदायची बंदी तशीच, आंबा लावायची बंदी तशीच. दहा टक्के घेतले होते त्याच्या आजोबांनी, आणि बंदी पाळायची नातवानं, तीही मेलेल्या पाइपासाठी.

मग राज्य सरकारनं कायदा करावा की, असं कुणी म्हणेल. इथं अडचण आहे. गुजरातनं २००१ मध्ये गॅसवर स्वतःचा कायदा केला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढं गेलं, आणि २५ मार्च २००४ ला निकाल आला: नैसर्गिक वायू हा केंद्राचा विषय, राज्याला त्यावर कायदा करता येत नाही. राज्यसूचीत ‘गॅस आणि गॅस कारखाने’ अशी नोंद आहे खरी, पण ती कारखान्यात तयार होणाऱ्या गॅसची. १८६५ मध्ये मुंबईचे रस्ते ज्या कोळशाच्या गॅसवर उजळले, तसला.

म्हणजे राज्याचे हात बांधलेले आहेत का? पूर्ण नाहीत. शहरी गॅसची लाइन बहुतेक रस्त्याच्या कडेनं जाते. तुळजापुरात, उमरग्यात, कळंबमध्ये रस्ता खोदायचा तर सार्वजनिक बांधकाम खातं, नगरपरिषद किंवा महामार्ग प्राधिकरण, ज्याचा रस्ता त्याची परवानगी लागते. आज त्या परवानगीत रस्ता पूर्ववत करायची अट असते, अनामत असते. तिथंच शेवटाची अटही घालता येईल: लाइन बंद केली तर तोडल्याचा, गॅस काढल्याचा, तोंडं बंद केल्याचा दाखला आमच्याकडं जमा करा.

आणि पैसा? त्याचंही उत्तर आहे. कॅनडात राष्ट्रीय ऊर्जा मंडळानं २००९ मध्ये ठरवलं की पाइपलाइन चालू असतानाच तिच्या शेवटासाठी पैसे बाजूला काढायचे, आणि २०१५ पासून ते जमा व्हायला लागले. आपल्याला हे नवीन नाही. समुद्रातल्या आणि जमिनीवरच्या तेल-वायू क्षेत्रांसाठी १९९९ पासून आपल्याकडं जागा पूर्ववत करण्याच्या निधीची योजना आहे. मग समुद्राच्या तळाला जो न्याय, तो बाजरीच्या रानाला का नको?

तर माझ्या मते तीन गोष्टी मागायच्या. पहिली, केंद्राकडं: १९६२ च्या कायद्यात अशी दुरुस्ती, की लाइन कायमची बंद झाली की ठराविक मुदतीत पाइप काढायचा किंवा सुरक्षित करायचा, आणि वापराचा हक्क संपल्याची नोंद सातबाऱ्यावर आपोआप चढायची. दुसरी, नियामक मंडळाकडं: परवाना विकला गेला तरी शेवटाचा निधी लाइनबरोबर जावा, कंपनीबरोबर नाही. तिसरी माझ्या धंद्यातली आहे. २०२३ पासून ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं सरकारी ॲप आहे, खोदण्याआधी खाली कुणाचं काय आहे ते विचारायचं. त्यावर बंद लाइनही कायम दिसली पाहिजे, ‘बंद’ असा शेरा आणि तारीख घालून. डेटाबेसमधून ओळ काढली म्हणून जमिनीतला पाइप जात नाही.

आणि तुमच्या गावात पाइपलाइनची बैठक झाली, तर मोबदल्याचा प्रश्न विचाराच, तो पहिला. पण त्याच्यामागून दुसरा विचारा: ‘साहेब, ही लाइन बंद झाली की काय करणार, ते कुठं लिहिलंय?’ उत्तर लेखी मागा आणि कागद जपून ठेवा. तो तुमच्यापेक्षा तुमच्या पोरांच्या जास्त कामाला येईल.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या सातबाऱ्यावर पाइपलाइनची नोंद असेल, तर अनुभव जरूर कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटूया, नमस्कार.