आंतरजालावरील ‘कृती’ आणि आपला विवेक

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. आमचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपलीकडे गेलेले नाही, आणि उभे आयुष्य मुलांना पाढे व शुद्धलेखन शिकविण्यात गेले. तेव्हा संगणकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा आमचा दावा नाही. परंतु एखादी गोष्ट ‘कशी करावी’ हे सांगणे, आणि ते समोरच्यास नीट समजले की नाही हे पाहणे, हाच शिक्षकाचा व्यवसाय होय. त्या नात्यानेच आम्ही आजचा विषय निवडला आहे.

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी आंतरजाल खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्यानंतरच्या तीस वर्षांत ते आपल्या माजघरापर्यंत येऊन पोहोचले. आज मोदक कसे वळावेत, सातबाराचा उतारा कसा काढावा, पाण्याचा गळका नळ कसा दुरुस्त करावा, यांपैकी काहीही विचारावे, क्षणार्धात शंभर उत्तरे हजर होतात. ही सोय मोठी आहे, आणि तिला नावे ठेवण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. प्रश्न इतकाच की, या शंभरांतून खरे उत्तर कोणते, हे ओळखावे कसे?

येथे एक भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. माहिती निराळी आणि कृती निराळी. कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे. ती कोणी चुकून कमीअधिक सांगितली, तर परीक्षेत एखादा गुण जाईल. परंतु औषध किती द्यावे, वीज कशी जोडावी, पैसे कसे पाठवावेत, यांविषयीची चुकीची कृती प्रत्यक्ष आचरणात येते, आणि तिचे फळ शरीरास अथवा संसारास भोगावे लागते.

पूर्वी कृती सांगणारा मनुष्य आपल्या ओळखीचा असे. लोणच्यास मीठ किती, हे आजी सांगे. आणि तिच्या हातचे लोणचे आपण वर्षभर खाल्लेले असे. पुस्तक वाचून करावयाचे म्हटले, तरी पुस्तकावर लेखकाचे नाव असे. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाले व घरोघरी गेले. त्यातील वाटी-चमच्याचे माप कोणत्याही गृहिणीस आपल्या ओट्यावर पडताळून पाहता येत होते. सांगणाऱ्यास नाव होते, आणि नावामागे जबाबदारी होती. आंतरजालावर पुष्कळदा आवाज असतो, चित्र असते, परंतु जबाबदार मनुष्य दिसत नाही. म्हणून पूर्वी जी पारख ओळखीने आपोआप होत असे, ती आता आपणांस प्रश्न विचारून करावी लागते. ते प्रश्न कोणते, हे एका उदाहरणाने सांगतो.

समजा, रात्रीचे अकरा वाजले आहेत, घरातील लहान मूल जुलाबांनी मलूल झाले आहे, आणि सूनबाई भ्रमणध्वनीवर शोधीत आहे की, साखर-मिठाचे पाणी कसे करावे? एक पान म्हणते, १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. दुसरे म्हणते, ८ चमचे साखर व १ चमचा मीठ. तिसऱ्यात ‘मूठभर साखर, चिमूटभर मीठ’ एवढेच आहे. चौथे एका गोड बाटलीची शिफारस करते. कोणाचे ऐकावे?

पहिला प्रश्न, सांगतो कोण? जलसंजीवनीचे ज्ञान हवेतून आलेले नाही. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांची छावणी पश्चिम बंगालमध्ये बनगाव येथे होती. तेथे पटकीची साथ पसरली व शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ व सोडा यांचे पाणी मोजून रुग्णांस पाजविले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूंचे प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आले, आणि हा सारा हिशेब त्यांनी प्रसिद्ध केला. पुढे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी ही पद्धती जगभर नेली. तेव्हा अशा संस्थांचे अथवा सरकारी आरोग्य खात्याचे पान एका बाजूस, आणि पांढरा डगला घालून बोलणारा अनोळखी गृहस्थ दुसऱ्या बाजूस, अशी तुलना करावी. डगला बाजारात विकत मिळतो.

दुसरा प्रश्न, सांगितले केव्हा? शास्त्र पुढे जाते, परंतु जुने पान आंतरजालावर तसेच पडून राहते. जागतिक आरोग्य संघटनेने पाकिटातील मीठ व साखर यांचे प्रमाण २००२ साली कमी केले. ८ चमचे साखर व १ चमचा मीठ ही कृती पूर्वी सर्रास सांगितली जात असे. आज घरगुती मिश्रणासाठी ६ सपाट चमचे व अर्धा चमचा हे प्रमाण सांगितले जाते. ज्या पानावर तारीखच नाही, त्याचा भरवसा तितकाच कमी.

तिसरा प्रश्न, माप स्पष्ट आहे काय? मूठ कोणाची, बापाची की बाळाची? चमचा सपाट की शिगोशीग? दुकानातील पाकीटही एकाच आकाराचे नसते. मोठे पाकीट १ लिटर पाण्यासाठी असते, लहान पाकीट २०० मिलिलिटरसाठी. लहान पाकीट लिटरभर पाण्यात घातले तर गुण येणार नाही, आणि मोठे पाकीट पेलाभर पाण्यात घातले तर मूल धोक्यात येईल.

चौथा प्रश्न, असे का, हे सांगितले आहे काय? आतड्यात साखर शोषली जाताना मीठ बरोबर नेते, आणि त्यांच्यामागून पाणी शरीरात जाते. यास्तव दोन्ही हवीत, तीही मापात. साखर फार झाली तर जुलाब वाढतात. मीठ फार झाले तर मुलास झटकेही येऊ शकतात. म्हणूनच तयार पाणी चाखून पाहावे, ते अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. कारण कळले म्हणजे हात आपोआप सावध होतो.

पाचवा प्रश्न, यात लाभ कोणाचा? काही गोड पेयांच्या वेष्टनांवर ‘ओआरएस’ ही अक्षरे झळकत होती. त्यातील साखर जुलाब झालेल्या मुलास अपायकारक होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ठरलेल्या सूत्रानुसार नसलेल्या पेयांवर ती अक्षरे वापरण्यास मनाई केली. छापील वेष्टनाची ही कथा, तर आंतरजालावरील जाहिरातीची काय असेल? शोधात सर्वांत वर जे पान येते ते सर्वांत खरे, असे मुळीच नाही. ‘प्रायोजित’ असे लिहिलेली पाने तर पैसे देऊन वर आलेली असतात.

आणि शेवटची खूण अशी की, चांगली कृती आपली मर्यादा स्वतः सांगते. मूल गुंगीत गेले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, शौचातून रक्त पडले अथवा पाणी पोटात ठरेना, तर घरगुती उपाय पुरे करून तत्काळ रुग्णालय गाठावे, असे जे पान सांगते ते विश्वासास पात्र. जे पान ‘डॉक्टरची गरजच नाही’ म्हणते, ते तेथेच मिटावे.

कोणी म्हणेल, दहा ठिकाणी तेच लिहिले आहे, मग ते खोटे कसे? यावर आम्ही शाळेतील अनुभव सांगतो. वर्गातील दहा मुलांचे गणित एकसारखेच चुकले, तर ते दहा साक्षीदार नव्हेत. एकाची वही नऊजणांनी पाहिलेली असते. आंतरजालावरही हेच चालते. आता तर यंत्र स्वतःच अनेक पानांतील मजकूर जुळवून अस्खलित भाषेत उत्तर देते. ते उपयोगी असते, परंतु मुळाशी कोणते पान आहे ते उघडून पाहावे. सुंदर हस्ताक्षरात सोडविलेले चुकीचे गणित चुकीचेच राहते.

द्रव्याच्या बाबतीत तर हा विवेक अधिकच हवा. आमच्या परिचयातील एका वयोवृद्ध भगिनीने निवृत्तिवेतनाच्या खात्यातील अडचण दूर करण्यासाठी बँकेचा साहाय्य-क्रमांक आंतरजालावर शोधला. जो क्रमांक प्रथम दिसला तो भामट्याचा निघाला. त्याने गोड बोलून त्यांच्या भ्रमणध्वनीत एक ॲप उतरविण्यास लावले, आणि त्याच्या योगे खात्यातील मोठी रक्कम काढून नेली. बँकेचा क्रमांक पासबुकावर किंवा कार्डाच्या पाठीमागे छापलेला असतो, तोच घ्यावा. बँकांची संकेतस्थळे ओळखता यावीत म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये त्यांस ‘बँक डॉट इन’ या अक्षरांनी संपणारे पत्ते घेण्यास सांगितले. सरकारी पत्ते बहुधा ‘जीओव्ही डॉट इन’ या अक्षरांनी संपतात. पत्त्याचा शेवट वाचण्याची सवय लावून घ्यावी.

परंतु या प्रसंगातील खरे दुःख पुढेच आहे. मुलगा रागावेल, सून हसेल, या संकोचाने त्या भगिनी दोन दिवस कोणाशी बोलल्याच नाहीत. अशा फसवणुकीत १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार केली, तर पैसे वाटेत अडविले जाण्याची शक्यता असते. विलंबाने ती शक्यता मावळते. रक्कम नेली भामट्याने, परंतु ती परत मिळण्याची वेळ नेली लाजेने! बंधु-भगिनींनो, ज्या घरात वडीलधाऱ्यांस प्रश्न विचारण्याची भीती वाटते, ते घर भामट्यास सर्वांत सोपे.

यास्तव मंडळापुढे आमच्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर औषधाची, पैशाची अथवा विजेची कोणतीही कृती पाठविणाराने ती कोणी सांगितली व केव्हा सांगितली, हे सोबत लिहावे. ते ठाऊक नसेल तर पाठवू नये. दुसरी, महिन्यातील एका रविवारी मंडळाच्या सभागृहात शिकलेल्या तरुण मुलामुलींनी तासभर बसावे, आणि वृद्धांनी आपल्या शंका घेऊन यावे. तिसरी, तरुणांसाठी : आजोबांनी एकच गोष्ट चौथ्यांदा विचारली तरी ‘मागेच सांगितले होते’ असे म्हणू नये. तुम्हांस पाढे शिकविताना त्यांनी किती वेळा तेच तेच सांगितले, याची गणती कोणी ठेवलेली नाही.

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ असे आपले वाडवडील म्हणत आले. या काळात त्या दोहोंच्या मध्ये एक पायरी हवी, ती पडताळ्याची.